आधीच्या इन्चार्जनी दिलेले शब्द आता माझ्याकडे वसुलीला आलेत

वॉर्डवाली_सिस्टर (४ जुलै)

नमस्कार मंडळी. ठाण्यातल्या एका खाजगी हॉस्पिटलात नर्स आहे. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झाल्यापासून फ्लोअरवरच होते, जूनपासून दुसऱ्या मजल्यावरच्या जनरल वॉर्डची इन्चार्ज झाले. आधीच्या इन्चार्ज ताई मेअखेर रिटायर झाल्या. त्यांच्याकडून चार्ज घेताना क्रॅश कार्ट, नार्कोटिक्सच्या कपाटाची किल्ली आणि रजिस्टर, लिननचा हिशेब, दोन बंद पडलेले सिरिंज पंप, सगळं मोजून सह्या करून घेतलं. जे मोजता आलं नाही ते आता एकेक करून माझ्या टेबलाशी येतंय.

पहिल्याच आठवड्यात राजापूरची एक सिस्टर आली. "ताईंनी मला गणपतीचे सात दिवस दिलेत हं, तिकिटं काढते." म्हटलं काढ. मग देवगडचा ब्रदर (पुरुष नर्सला आम्ही ब्रदर म्हणतो) आला, तेच. मग कणकवलीची. मग गुहागरची, ती तर म्हणे मार्चपासून ठरलेलं आहे. चौघं, आणि चौघांनाही तेच दिवस.

एवढ्यावर थांबलं असतं तर इथे लिहायला आले नसते. एकीचं बाळ आठ महिन्यांचं आहे, तिला "वर्षभर नाइट लावणार नाही" असं सांगितलेलं. केरळची एक सिस्टर दर दिवाळीला सगळ्यांच्या ड्युट्या ओढते आणि बदल्यात ख्रिसमस घेते, हेही तोंडीच. एकीला "तुला ओटीत (ऑपरेशन थिएटरात) टाकायचं मी बघते" असं आश्वासन. आणि गेल्या दिवाळीत थांबलेल्या तिघींचे सीओ (सणाच्या ड्युटीबदल्यात मिळणारी सुटी) बाकी आहेत, त्यांची नोंद ताईंच्या पर्समधल्या छोट्या डायरीत होती. ताईंना फोन केला. भाचीच्या लग्नाच्या याद्या चालल्या होत्या. "हो गं, म्हटलं असेन. चांगली मुलं आहेत सगळी, बघ काहीतरी."

आता गणित सांगते. मला सोडून १४ जण. मॉर्निंगला ४, इव्हिनिंगला ३, नाइटला ३, म्हणजे रोज १० हवेतच. साप्ताहिक ऑफवर रोज दोघं, नाइट ऑफवर एक. उरला एक. त्या एकावर आजारपण, लग्न, मुलांच्या परीक्षा सगळं भागतं. चौघं एकदम गेले तर वॉर्ड चालवता येणार नाही, साधी गोष्ट आहे.

ताईंना नावं ठेवत नाहीये. आमचा पुढच्या महिन्याचा ड्युटी चार्ट २५ तारखेला मेट्रन मॅडमकडे, म्हणजे सगळ्या नर्सेसच्या प्रमुखांकडे, जातो. सप्टेंबरचा जाईल २५ ऑगस्टला. यंदा गणपती १४ सप्टेंबरला. कोकणात जाणाऱ्याला १२ तारखेची गाडी हवी, आणि रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे १४ जुलैला सकाळी आठला. चहा गाळेपर्यंत वेटिंग लागतं. चार्ट व्हायच्या सव्वा महिना आधी त्या पोरीला हो की नाही कळायला हवं. तेव्हा कागदावर काहीच नसतं, जे असतं ते इन्चार्जच्या तोंडावर. २०२४ च्या नोव्हेंबरच्या आधी तर १२० दिवसांचं आरक्षण होतं. तेव्हा गणपतीचा शब्द उन्हाळ्यातच द्यावा लागायचा. ताईंची सवय त्या काळातली.

तर विचारायचं असं, की त्यांनी दिलेलं मी पाळायलाच हवं का? आणि इथून पुढे मी जे बोलेन त्याचा माग कसा ठेवायचा? मागणी कधी येते, तर मी ट्रॉली घेऊन औषधं वाटत असताना. हातात ग्लोव्ह्ज, समोर पेशंटचा मुलगा डिस्चार्ज कधी विचारतोय, आणि मागून "ताई, पुढच्या रविवारी ऑफ मिळेल ना?" कृपया ॲप सुचवू नका. ड्युटीत फोन लॉकरमध्ये असतो.

---

चाकणचा_मेंटेनन्स

ताई, क्षेत्र वेगळं आहे, पण दुखणं ओळखीचं वाटलं म्हणून लिहितो.

आमच्याकडे सकाळी साडेआठला लाइनच्या शेजारी उभ्यानेच मीटिंग होते. प्रॉडक्शनवाला विचारतो, तीन नंबरच्या प्रेसचं ऑइल गळणं कधी थांबणार? तिथे "करून टाकू" चालत नाही. फळ्यावर तीन रकाने आहेत. काय, कोण, कधी. "कधी"च्या रकान्यात कुणी "लवकरच" किंवा "अर्जंट" लिहिलं तर आमचे प्लान्ट हेड स्वतः डस्टर उचलतात. तिथे तारीखच लागते. आणि तारीख हुकली तर जुनी पुसायची नाही. तिच्यावर आडवी रेघ आणि शेजारी नवी तारीख. परवा हायड्रॉलिक सीलच्या एका कामापुढे तीन तारखा कापलेल्या होत्या. सील स्टोअरमध्ये नव्हतं, पर्चेसने पीओ (खरेदीची लेखी ऑर्डर) काढलेली नव्हती, आणि हे सगळं त्या तीन रेघांमुळे पर्चेसच्या साहेबांना दिसलं. एरवी त्यांनी मेंटेनन्सलाच शिव्या घातल्या असत्या.

तुम्ही स्टाफरूममध्ये फळा लावा. जे बोलाल ते त्याच शिफ्टमध्ये फळ्यावर.

जुन्या ताईंच्या शब्दांचं म्हणाल तर मी शून्यावरून सुरू केलं असतं. पीओ निघालेली नसेल तर आधीच्या मॅनेजरने व्हेंडरला चहा पाजून काय सांगितलं ते नवा मॅनेजर विचारत नाही. वाईट वाटतं, पण एकदाच वाटतं.

---

वॉर्डवाली_सिस्टर

रेघेची गोष्ट आवडली. पण फळ्यावर बाळवालीची "नाइट नाही" लिहिली की दुसऱ्या दिवशी सहा जणींना गुडघेदुखी सुरू होईल. काही गोष्टी भिंतीवर लिहिण्यासारख्या नसतात.

आणि शून्यावरून कसं करू? व्हेंडर उद्या दुसरं गिऱ्हाईक शोधेल. ह्या पोरी रोज माझ्याबरोबर पेशंट वळवतात.

---

बारनिशी

चाकणकर, तुमचं शून्य कारखान्यात खपत असेल. सरकारी कचेरीत नव्या साहेबाने "जुनं मला माहीत नाही" म्हटलं तर लोक दुसऱ्या दिवशी उपोषणाला बसतात.

मी महसुलातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. आयुष्यभर दुसऱ्यांनी दिलेल्या आश्वासनांचे कागद सांभाळले, त्या अधिकाराने चार शब्द.

आमच्याकडे टेबल बदललं की चार्ज-यादीत खुर्ची, कपाट, शिक्के यांच्याबरोबर प्रलंबित प्रकरणांची यादी असायची. नसली तर आम्ही सही करायचो नाही. तुम्ही पंप मोजून घेतलेत आणि प्रकरणं राहिली. आता यादी तुम्हीच करा, आणि निवृत्त बाईंना फोनवर वाचून दाखवा. त्या "हो" म्हणतील त्यापुढे तसं लिहा, "आठवत नाही" म्हणतील त्यापुढे तेही लिहा. आठवत नसलेलं प्रकरण खोटं असतं असं नाही, पण त्याचं वजन वेगळं.

मग ते लावायचं कसं? कचेरीत सहा गठ्ठा पद्धत शिकवतात. कार्यवाहीत असलेली प्रकरणं, प्रतीक्षाधीन, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची आणि नष्ट करायची. बाहेरून पाहणाऱ्याला हे लाल फडक्यात बांधलेलं रद्दीचं दुकान वाटतं. पण तुमचीच प्रकरणं घालून बघा. गणपतीची रजा पहिल्या गठ्ठ्यात, कारण निर्णय तुमच्या हातात आहे आणि १४ जुलैचं आरक्षण डोक्यावर आहे. ओटीची बदली प्रतीक्षाधीन, कारण चेंडू मेट्रनबाईंकडे आहे. ख्रिसमस हे नियतकालिक, दरवर्षी येणारच, त्याला दरवर्षी नव्याने आश्चर्य कशाला? आणि बाळाच्या आईची नाइट हा स्थायी आदेश, त्यावर मात्र संपण्याची तारीख घाला, नाहीतर मूल बालवाडीत जाईल तरी आदेश चालू.

घोळ होतो तो बहुतेक वेळा दुसऱ्या गठ्ठ्यात. आपण वर पत्र पाठवलं की मनातून प्रकरण संपतं. खालचा माणूस मात्र रोज वाट बघत असतो, आणि त्याला वाटतं कारकुनाने दाबून ठेवलं. म्हणून प्रतीक्षाधीन गठ्ठा ठरलेल्या वारी सोडायचाच. माझा गुरुवार असे. प्रत्येक कागदावर एकच प्रश्न: स्मरणपत्र गेलं का? पहिलं गेलं, दुसरं गेलं, की मग साहेबांच्या सहीने नावानिशी अर्धशासकीय पत्र. डी.ओ. गेलं की समोरच्या कचेरीत धावपळ व्हायची, कारण ते थेट साहेबाच्या टेबलावर पडतं.

जाता जाता सांगतो. महाराष्ट्रात २००५ चा एक कायदा आहे, बदल्यांचं विनियमन आणि शासकीय कर्तव्यं पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध असं त्याचं नाव. नाव वाचण्यातच थोडा विलंब होतो. त्यात म्हटलंय की कुठल्याही कर्मचाऱ्याकडे फाइल सर्वसाधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. पाळला किती जातो ते विचारू नका. पण "किती दिवसांत" हा प्रश्न विचारायची सोय त्याने केली. तुमच्या वॉर्डात तुम्ही तीन दिवस ठरवा.

पाळायलाच हवं का, याचं उत्तर द्यायच्या आधी एक तपासा. सात दिवसांची रजा मंजूर करण्याचा अधिकार इन्चार्जला आहे का? नसेल, तर बाईंनी दिली ती मंजुरी नव्हे, शिफारस. ती शिफारस तुमच्या पदावरून झाली आहे, तेव्हा उत्तरही त्याच पदावरून गेलं पाहिजे. होकारार्थीच असावं असं बंधन नाही.

---

रात्रपाळी

मी कोल्हापूरला स्टाफ नर्स आहे, म्हणजे ताई, मी तुमच्या टेबलाच्या पलीकडची. तिकडून कसं दिसतं ते सांगते.

मला नाही म्हटलेलं चालतं. महिन्याच्या २८ तारखेला लिफ्टशेजारी चिकटवलेल्या चार्टवर स्वतःच्या नावापुढे एन एन एन, म्हणजे नाइटमागून नाइट, दिसलेलं चालत नाही. गेल्या वर्षी माझ्या चुलतभावाच्या लग्नाच्या दिवशी असंच झालं. इन्चार्ज माझ्यासमोर रोज बसून डबा खात होत्या, तेव्हा एका शब्दाने बोलल्या नाहीत. आधी सांगितलं असतं तर मी कुणाशी तरी ड्युटी बदलून घेतली असती. २८ ला कळल्यावर कोण बदलतंय?

आता दुसरी बाजू. आमच्याकडे नवीन इन्चार्ज आल्या तेव्हा तिघींना एकदम जुनी आश्वासनं आठवली होती. त्यातलं एक मला पक्कं माहीत आहे की झालंच नव्हतं, कारण त्या दिवशी मी तिथेच उभी होते. तेव्हा बारनिशीकाकांची फोनची आयडिया करा.

बाळवालीचं वेगळं काढा. मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा दूध पाजायला वेळ देणं हे प्रसूतीच्या कायद्यात आहे. ती मेहेरबानी नाही, ते कुणी वहीत लिहो न लिहो. नाइट लावू नये असं मात्र त्या कलमात नाही, तेवढा भाग ताईंचा शब्द. दोन्ही एकत्र झाले की लोक म्हणतात हिला सगळंच फुकट.

आणि केरळच्या सिस्टरचं सगळ्यात आधी लिहा. कोकणवाले चौघं आहेत, ते येऊन येऊन आठवण करून देतील. ती एकटी आहे, ती १५ डिसेंबरपर्यंत बोलणार नाही.

एक सुचवते. आपण डॉक्टरांची तोंडी ऑर्डर कशी घेतो? लिहून घेतो, परत वाचून दाखवतो, नंतर सही घेतो. फोनवर "अर्धी गोळी" ऐकून कुणी मनात ठेवत नाही. मग इन्चार्जचा तोंडी शब्द का मनात ठेवायचा?

अजून एक, गणपतीचं. चौघांचे गणपती किती दिवसांचे आहेत ते विचारलंत का? कुणाचा दीड दिवसाचा असेल, कुणाचा गौरीबरोबर जाणारा, कुणाचा अकराचा. सात दिवस सगळेच मागतात कारण सात मागितले की पाच मिळतात.

---

चाकणचा_मेंटेनन्स

एन एन एन वाचून हसलो आणि मग आमचा सेकंड शिफ्टचा चार्ट आठवला. हसू गेलं.

रात्रपाळीताईंचा शेवटचा मुद्दा भारी आहे. आमच्याकडे प्रत्येक डिपार्टमेंटला मशीन "सोमवारी सकाळीच" हवं असतं. खोदून विचारलं की कळतं एकाला सोमवारी ट्रायल आहे, दुसऱ्याचं मटेरियलच बुधवारी येणार आहे.

शून्याबद्दलचं माझं म्हणणं मागे घेत नाही. पण वॉर्डात चालणार नाही हे मान्य.

---

वॉर्डवाली_सिस्टर (१६ जुलै)

उशिरा लिहितेय, मधे डेंग्यूचे पेशंट वाढले, वॉर्ड भरलेला आहे. काय काय झालं ते सांगते.

यादी केली. ताईंना रविवारी दुपारी फोन लावून वाचून दाखवली. लग्न झालेलं होतं, निवांत होत्या. चार गणपतींपैकी तीन त्यांना आठवले. चौथ्याला म्हणाल्या, "अगं, विचारलं होतं खरं, मी मान हलवली असेन." कोण ते इथे लिहीत नाही, वॉर्डातही सांगितलं नाही. पण मला कळलं.

दुपारी दोनला मॉर्निंग सुटते आणि इव्हिनिंग येते, तेव्हा ओव्हर (पुढच्या शिफ्टला पेशंट सोपवणं) झाल्यावर चौघांना स्टाफरूममध्ये बसवलं. चार्टचा कोरा कागद टेबलावर ठेवला, वर १० ते २४ सप्टेंबर तारखा, आणि खाली रोज किती जण हवेत ते आकडे. म्हटलं, हे भरून मला दाखवा, मी दहा मिनिटांत येते. एका पेशंटचं ब्लड लावलेलं होतं, त्याचे व्हायटल्स बघून परत आले तोवर भांडण होऊन मिटत आलं होतं. गुहागरचा दीड दिवसाचा निघाला! तिला तीन दिवस पुरतात, आणि एसटीने जाते, रेल्वेचा प्रश्नच नाही. ब्रदर घरातला एकुलता एक, प्रतिष्ठापनेला तोच लागतो, पण १७ ला परत येऊ शकतो. राजापूरचीला गेल्या वर्षी एकही दिवस मिळाला नव्हता, ते बाकीच्यांनीच काढलं, आणि तिचे गौरीसकट सात दिवस कुणी अडवले नाहीत. राहिली कणकवलीची. तिच्या सासरी एकवीस दिवस गणपती असतो. बाकी तिघं तिच्याकडे बघत बसले. ती २० तारखेनंतर जायला तयार झाली, तोंड पाडून. सासूबाईंना फोन तिने माझ्यासमोरच केला. पलीकडून जे ऐकू आलं ते मालवणीत होतं आणि लिहिण्यासारखं नाही.

१३ ते १५ तारखांना तिघं बाहेर, म्हणजे ११ उरतात. त्यातला एक नाइट ऑफवर, उरले बरोबर १०. बाकीच्यांचे त्या तीन दिवसांतले साप्ताहिक ऑफ मागेपुढे करायला लागतील, तेही ज्यांचे हलणार त्यांना आत्ताच विचारून घेतले. एक मुसलमान सिस्टर स्वतःहून म्हणाली, माझे हलवा, मला ईदला लक्षात ठेवा. लगेच नियतकालिकात लिहिलं, काका.

आणि १४ तारखेला आठ वाजता काय झालं? राजापूरचीचं कन्फर्म, ब्रदरचं वेटिंग ४७. दोघंही एकाच स्टाफरूममध्ये लॉग-इन करून बसले होते. आता तो गणपतीच्या जादा एसटीच्या मागे आहे.

पुढचं. वही सुरू केली, पण लिहिणारी मी नाही. जिला हवं तिने लिहायचं: तारीख, काय हवं, सही. मी माझी ड्युटी संपायच्या आत शेजारी तीनपैकी एक लिहायचं. हो, नाही, किंवा अमुक तारखेला सांगते. त्या तारखेला कळलं नसेल तर चाकणकरांची रेघ. ट्रॉलीपाशी कुणी विचारलं की मी फक्त "वहीत" म्हणते. गंमत म्हणजे निम्म्या मागण्या वहीपर्यंत पोहोचतच नाहीत. नाव आणि सही करायची म्हटलं की पुढच्या रविवारचं अर्जंट काम मागे पडतं. खाजगी गोष्टी वहीत नाहीत, त्या माझ्या ड्रॉवरमधल्या कागदावर. बाळवालीची नाइट बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत नाही, तारीख घालून, तिला वाचून दाखवून. दुपारच्या पाजण्याची वेळ तर आता चार्टवरच आहे, उघड.

ओटीवालीसाठी मेट्रन मॅडमना सरळ विचारलं. ओटीत जागा नाही आणि यंदा होणार नाही. तिला तसंच सांगितलं. ती अजून नाराज आहे. असू दे.

आता माझा अडकलेला दोरा. ११ जणांवर तीन दिवस वॉर्ड चालेल, पण एक जरी आजारी पडली तरी संपलं. म्हणून मॅडमकडे एक रिलीव्हर मागितली. राउंडला होत्या, चालता चालता म्हणाल्या "देऊन टाकू गं." मी खाली तिघांना हो म्हटलंय ते ह्या "देऊन टाकू"च्या भरवशावर. मॅडम वाईट नाहीत, पण त्यांच्यामागे सात वॉर्ड आहेत आणि सातही वॉर्डांत कोकणातले आहेत. त्यांना वही कशी पुढे करू?

---

बारनिशी

ही तत्त्वतः मान्यता झाली. आमच्याकडे तत्त्वतः मान्यतेवर पूल बांधायला घेतलेले लोक पाहिले आहेत. प्रशासकीय मान्यता आणि निधी येईपर्यंत खांब तसेच उभे.

वही पुढे करू नका. वरिष्ठाला हिशेब मागितलेला आवडत नाही, पण तयार मसुदा आवडतो. १० ते २४ सप्टेंबरचा तुमचा कागद स्वच्छ लिहून काढा, १३, १४, १५ च्या रकान्यांत "रिलीव्हर" लिहून नावाची जागा कोरी ठेवा, आणि खाली एक ओळ: "आपल्याशी अमुक तारखेला राउंडच्या वेळी बोलणं झाल्याप्रमाणे. नाव १० ऑगस्टपर्यंत कळवावे ही विनंती." आजच द्या. बाकीचे सहा वॉर्ड २५ ऑगस्टला जागे होतील, तुमचा कागद महिनाभर आधी तिथे पडलेला असेल. पोच घ्यायला विसरू नका. पोच म्हणजे भांडण नव्हे, त्यांच्या ऑफिसातल्या मुलीची आद्याक्षरं पुरतात.

---

चाकणचा_मेंटेनन्स

१० ऑगस्टची वाट बघत बसू नका, आधी एकदा सहज जा. आणि रिलीव्हर जनरल वॉर्डचं काम केलेली हवी हेही त्या कागदावर लिहा. आम्हाला एकदा माणूस दिला होता, वेल्डर मागितला तर पेंटर आला. हजेरीत एक वाढला म्हणून एचआर खूश.

---

रात्रपाळी

आणि खाली तिघांना आजच सांगा की एक धागा वर अडकलाय. ब्रदरची एसटी अजून पक्की नाही, राजापूरचीचं तिकीट आहे. रिलीव्हर नाहीच आली आणि एक जण कमी पडली तर कुणाचा एक दिवस कापणार, ते आत्ता ठरवून सांगितलंत तर ती ऐकून घेतील. १२ तारखेला बॅग भरल्यावर सांगितलंत तर मी तुमच्या बाजूने नाही.

सीओचं काय झालं? तिघींचे होते ना?

---

वॉर्डवाली_सिस्टर (१९ जुलै)

मसुदा दिला, आद्याक्षरं घेतली. "चार महिन्यांपेक्षा कमी काळ वॉर्डात काढलेली नको" अशी ओळही घातली, चाकणकर. तिघांना सांगितलं. कमी पडलं तर गुहागरची एक दिवस आधी परत येईल, तिनेच कबूल केलं, वहीत सही केली. तिच्याकडे विसर्जन दुसऱ्या दिवशी दुपारीच होतं. त्यातूनही अडलं तर एक इव्हिनिंग मी स्वतः करीन, तेही लिहून ठेवलंय.

सीओचं लांबलं. एचआरचं म्हणणं, डायरी-बियरी आम्ही ओळखत नाही, बायोमेट्रिकचा पंच दाखवा. मी २१ ऑक्टोबरचा, लक्ष्मीपूजनाच्या दिवसाचा रिपोर्ट काढून घेतला. दोघींचे इन-आउट पंच व्यवस्थित आहेत, त्यांचे सीओ खात्यावर पडतील असं म्हणाले, ३१ जुलैपर्यंत. तारीख त्यांच्याच हाताने लिहून घेतली. तिसरीचा इन आहे, आउट नाही. त्या रात्री मशीन बंद पडलं होतं म्हणे, पण ते बंद होतं याचीही नोंद कुठे नाही. काल रेकॉर्ड रूममधून ऑक्टोबरचं ओव्हर बुक काढून आणलं. रात्री ८.२० ला तिने नाइटच्या सिस्टरला ओव्हर दिल्याची दोघींची सही आहे, बेड नंबर अकराच्या ड्रेनच्या मापासकट. सोमवारी तेच बुक घेऊन एचआरकडे जातेय.